नक्शा कोणाचा, नाव कोणाचे?

आडनावांचा थोडा कानोसा घेतला तरी आपल्या समाजात घर सजवण्याचे जवळजवळ सगळे धंदे सापडतात. कापड विणणारे मोमीन, ते रंगवणारे रंगरेज, ठशांनी छपाई करणारे छिपा, कापूस पिंजून गाद्या आणि रजया भरणारे पिंजारी, नदाफ, मन्सुरी. थंडीच्या तोंडावर मराठवाड्यातल्या बाजाराच्या गावांत पिंजणाचा आवाज घुमत असे, हे आमच्या वडीलधाऱ्यांना चांगले आठवते. अंथरूण-पांघरूण, पडदे, तक्के, सतरंज्या, दस्तरखान, जानमाज या रोजच्या वस्तूंमागे याच जमातींचे हात होते. धंद्याचे नाव जमातीला मिळाले आणि जमातीचे नाव माणसाला. माणसाचे स्वतःचे नाव मात्र त्याने केलेल्या वस्तूवर राहिले नाही.

या यादीत आणखी एक माणूस असायला हवा. कापडावर फूल कुठे यावे, वेल कुठे वळावी, दोन बुट्ट्यांत किती जागा सोडावी, हे ठरवणारा. फार्सी-उर्दूत त्याला नक्शबंद म्हणत. विणकराच्या आधी त्याचे काम सुरू होई आणि कापड विकले जाई तेव्हा त्याची आठवणही कोणाला नसे. आज हेच काम चादरी, पडदे आणि उशांचे अभ्रे विकणाऱ्या कंपनीत संगणकासमोर बसून होते आणि ते करणाऱ्या पगारी माणसाला 'इन-हाउस ग्राफिक डिझायनर' म्हणतात. पद नवे आहे, काम शेकडो वर्षांचे आहे. या लेखात आम्ही त्या कामाचा माग काढणार आहोत आणि वाचकांपुढे एकच प्रश्न ठेवणार आहोत: ज्याने नक्शा काढला त्याचे नाव कुठे गेले?

हा प्रश्न आम्हाला पुस्तकाआधी गावाने विचारला. आमचे चारठाणा जिंतूर तालुक्यातले. इथली जुनी देवळे, बारव आणि उंच कोरीव स्तंभ पाहायला दुरून अभ्यासक येतात. दगडावरच्या पट्ट्या, फुले आणि चौकटी ते मोजतात, त्यांची छायाचित्रे घेतात. शैली यादवकालीन, असे ते सांगतात. राजवट कळते, काळ कळतो. ज्याने दगडावर पहिली रेघ आखली तो कोण, हे कोणी सांगू शकत नाही. दगडाचे जे झाले तेच कापडाचे. फरक एवढाच की दगड टिकला आणि कापड विरून गेले.

आधी हे काम चाले कसे, ते पाहू. यंत्रे येण्यापूर्वी नक्शबंद कागदावर रेखाटन करी. मग तेच रेखाटन तो दोऱ्यात बांधी. उभे दोरे ताणून त्यांतून आडवे दोरे हिशेबाने खाली-वर ओवायचे. कोणत्या ओळीत किती धागे उचलायचे आणि किती सोडायचे, हे त्या दोऱ्यांत नोंदले जाई. दोऱ्यांच्या या नमुन्यालाच नक्शा म्हणत. तो मागाच्या वरच्या दोऱ्यांना जोडला की मदतनीस मुलगा ठरलेले दोरे ओढी, त्यांच्याबरोबर ताण्याचे धागे वर येत आणि विणकर त्यातून बाण्याचा धोटा फेकी. एका ओळीची चूक पुढच्या प्रत्येक बुट्टीत उमटे. म्हणून नक्शबंदाला चित्रकार आणि हिशेबनीस दोन्ही असावे लागे.

या शब्दाला आपल्या परंपरेत किती मान आहे पाहा. बुखाऱ्याचे ख्वाजा बहाउद्दीन (१३१८-१३८९) हे नक्शबंद म्हणूनच ओळखले जातात आणि त्यांच्यापासून नक्शबंदी सिलसिला सुरू झाला. त्यांच्या या उपाधीचा संबंध कापडावर नक्षी विणण्याच्या धंद्याशी जोडतात. सूफी मंडळी मात्र तिचा अर्थ दिलावर अल्लाहच्या नावाचा नक्श उमटवणारा, असा करतात. औरंगाबादच्या पाणचक्कीच्या आवारात ज्यांची मजार आहे ते बाबा शाह मुसाफिर याच सिलसिल्याचे. म्हणजे ज्या शहरात नक्षीचे कापड विणले गेले, त्याच शहरात नक्शबंद हा शब्द आदराने उच्चारला जात होता. कारागिराचे नाव मात्र तिथेही कोणी टिपून ठेवलेले दिसत नाही.

नाव लिहायची रीतच नव्हती असे कोणी म्हणेल तर ते खरे नाही. इराणातल्या यज्द शहरात सोळाव्या शतकाच्या अखेरीस ख्वाजा गियासुद्दीन अली नक्शबंद होऊन गेला. त्याच्या काही रेशमी कापडांत त्याचे नाव नक्षीबरोबरच विणलेले आहे आणि ते तुकडे आजही संग्रहालयांत आहेत. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात अर्दबीलचा प्रसिद्ध गालिचा आहे. त्यावर हिजरी ९४६, म्हणजे इसवी सन १५३९-४० हे साल आणि मकसूद काशानी हे नाव विणलेले आहे. जमिनीवर अंथरायची वस्तू, पण तिच्यावर बादशहाचे नाही, ती घडवून आणणाऱ्याचे नाव आहे. ज्यांचा दरबारात मान होता त्यांना सही करता आली. बाकीचे हजारो हात कारखान्याच्या हिशेबात केवळ मजुरी म्हणून राहिले.

आता आपल्या मुलखात येऊ. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी वसवली आणि १६५३ मध्ये औरंगजेबाच्या सुभेदारीत तिचे औरंगाबाद झाले. २०२३ पासून त्याच शहराचे नाव छत्रपती संभाजीनगर आहे. या शहराने देशाला हिमरू दिला. सुती ताण्यावर रेशमी बाण्याने नक्षी काढलेले हे कापड. 'हमरू', म्हणजे सारखा दिसणारा, यावरून हिमरू शब्द आला असे मानतात. जरीच्या महागड्या किमखाबासारखा दिसणारा, पण आवाक्यातला. १३२७ मध्ये मुहम्मद तुघलकाने राजधानी दौलताबादला आणली तेव्हा त्याच्याबरोबर विणकर आले आणि त्यांच्याकडून ही कला इथे रुजली, अशी आख्यायिका आहे. हिमरूचाच भाऊबंद म्हणजे मशरू. वरून रेशीम, अंगाला लागणारी बाजू सुती. शुद्ध रेशीम पुरुषांना वर्ज्य, म्हणून शरियतला मान्य असे हे कापड, आणि त्यावरूनच त्याचे नाव मशरू. श्रद्धा, हौस आणि खिसा या तिन्हींचा हिशेब एका कापडात बसवणारा कोणीतरी असणारच. त्यालाच आम्ही आजच्या भाषेत डिझायनर म्हणतो.

हैदराबाद संस्थानात आमचा परभणी जिल्हाही होता. निजामाच्या दरबारी शेरवानीला, अमीर-उमरावांच्या हवेल्यांतल्या पडद्यांना आणि पलंगपोसांना हिमरू लागे. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले, १९४९ मध्ये जहागिऱ्या गेल्या आणि त्यांच्याबरोबर गिऱ्हाईकही गेले. जहागिरी गेल्याचे दुःख आम्हाला नाही. रयतेच्या दृष्टीने ते व्हायलाच हवे होते. पण त्या हवेल्यांच्या आश्रयावर जगणारा कारागीर जहागीरदार नव्हता. त्याला ना नुकसानभरपाई मिळाली, ना इतिहासात जागा. हिमरूच्या शाली आणि अभ्रे वेरूळ-अजिंठ्याला येणारे प्रवासी आजही नेतात, पण अस्सल हातमागावर विणणारे थोडेच उरले आहेत.

नक्शबंदाच्या धंद्याला मोठा धक्का मात्र त्याआधीच दूर फ्रान्समध्ये बसला होता. लिऑं शहरातल्या जोसेफ मारी जॅकार्डने १८०४ मध्ये मागावर भोकांच्या पुठ्ठ्यांची साखळी बसवली. जिथे भोक तिथे धागा उचलला जाणार, जिथे नाही तिथे राहणार. दोरे ओढणाऱ्या मुलाची गरज संपली आणि दोऱ्यात बांधलेला नक्शा पुठ्ठ्यात गेला. इंग्लंडमध्ये चार्ल्स बॅबेजने आपल्या गणनयंत्रासाठी हीच पुठ्ठ्यांची कल्पना उचलली. संगणकाच्या इतिहासात जॅकार्डचे नाव येते आणि ते रास्तच आहे. पण 'उचल किंवा सोड' हा हिशेब जॅकार्डच्याही आधी दोऱ्यात बांधणारे लोक होते, हे आमच्या मुलांना सांगायला हवे. आज ज्या संगणकावर चादरीची नक्षी निघते, त्याच्या खानदानात नक्शबंदही आहे.

त्याच शतकात नक्षी परदेशी जाण्याची सोयही झाली. जॉन फोर्ब्स वॉटसन याने १८६६ मध्ये हिंदुस्थानी कापडाच्या ७०० नमुन्यांचे १८ खंड तयार केले. असे २० संच बनले; १३ ब्रिटनमध्ये राहिले, ७ हिंदुस्थानात आले. हेतू उघड होता: इथल्या लोकांना काय आवडते ते तिथल्या गिरण्यांना कळावे आणि त्यांनी तसाच माल काढावा. खंडांना संकलन करणाऱ्याचे नाव आहे. नमुना ज्याच्या डोक्यातून निघाला, त्याला त्यात नाव नाही.

हे फक्त गोऱ्याने काळ्याचे केले, असे मानून थांबलो तर मात्र आपली फसगत होईल. इंग्लंडमध्ये घरसजावटीच्या कापडांसाठी आणि भिंतीच्या कागदांसाठी विल्यम मॉरिसची पेढी प्रसिद्ध होती. तिची स्थापना १८६१ ची. कारागिराला प्रतिष्ठा मिळावी म्हणून मॉरिसने आयुष्यभर लिहिले आणि भाषणे केली. त्याच्याच पेढीत जॉन हेन्री डर्ल हा मुलगा १८७८ मध्ये दुकानात मदतनीस म्हणून लागला आणि पुढे तिचा मुख्य डिझायनर झाला. डर्लच्या कितीतरी नक्ष्या मॉरिसच्या म्हणूनच विकल्या गेल्या. घरातला डिझायनर घरमालकाच्या नावाखाली झाकला जातो, ही रीत विलायतेतही होती आणि भल्या माणसाच्या पेढीतही होती. म्हणून दोष एकट्यादुकट्या मालकाचा नाही. तो व्यवस्थेत आहे.

महाराष्ट्रात या व्यवस्थेतून गेलेले दोन मोठे लोक आम्हाला वाचकांपुढे आणायचे आहेत. पहिले आपल्या पंढरपूरला १९१५ मध्ये जन्मलेले मकबूल फिदा हुसेन. खताचे, म्हणजे सुलेखनाचे, धडे त्यांनी लहानपणीच घेतले. तरुणपणी मुंबईत त्यांनी सिनेमाचे फलक रंगवले, हे अनेकांना ठाऊक आहे. त्यानंतरची नोकरी कमी लोकांना माहीत आहे. १९४० च्या दशकात 'फॅन्टसी' नावाच्या फर्निचरच्या दुकानासाठी ते लहान मुलांच्या खोलीचे फर्निचर आणि खेळणी आखत. घर मांडण्याच्या वस्तू विकणाऱ्या दुकानातले पगारी डिझायनरच ते. १९४७ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीच्या प्रदर्शनात त्यांना पारितोषिक मिळाले, सूझा-रझा-आरा-गाडे-बाकरे यांच्या प्रोग्रेसिव्ह गटात ते आले आणि पुढचा इतिहास जगजाहीर आहे. त्यांच्या पुढच्या चित्रांवर आणि शेवटच्या परागंदा वर्षांवर खूप वाद झाले, त्यात आम्ही इथे शिरत नाही. २०११ मध्ये लंडनला त्यांचे निधन झाले. आमचा मुद्दा एवढाच: देवनागरी, उर्दू आणि इंग्रजी अशा तिन्ही लिप्यांत सही करणाऱ्या या माणसाची सही त्या पाळण्यांवर आणि खेळण्यांवर असणार कुठून? ती मुले मोठी झाली, ते फर्निचर मोडीत गेले. त्यातले एखादे खेळणे हुसेनचे होते, हे घरच्यांना कळलेही नसेल.

दुसरे प्रभाकर बरवे. कोकणात नागावला १९३६ मध्ये त्यांचा जन्म झाला, जे. जे. कला महाविद्यालयात ते शिकले. स्वातंत्र्यानंतर हातमागाला नव्या नक्ष्या मिळाव्यात म्हणून सरकारने विणकर सेवा केंद्रे काढली आणि चित्रकारांना तिथे पगारावर नेमले. बरवे १९६१ मध्ये या केंद्राच्या नोकरीत लागले. सुरुवातीची काही वर्षे ते बनारसला होते, पुढे मुंबईत. ज्या बनारसमध्ये अन्सारी विणकरांच्या वस्त्या आणि नक्शबंदांची जुनी परंपरा, तिथे एक मराठी चित्रकार कापडासाठी नक्षी काढत होता, ही आम्हाला मोठी मोलाची गोष्ट वाटते. त्यांचे 'कोरा कॅनव्हास' हे १९९० चे पुस्तक मराठी वाचकांना ठाऊक आहे, त्यांची चित्रे मोठ्या दालनांत लागतात. सुमारे दोन दशके त्यांनी जी नोकरी केली तिच्यातली कापडे मात्र कुणाच्या अंगावर, कुणाच्या पलंगावर जाऊन विरली. हुसेन आणि बरवे यांना कॅनव्हास मिळाला म्हणून त्यांची नावे राहिली. ज्यांना कॅनव्हास मिळाला नाही, ज्यांनी आयुष्यभर फक्त चादरीच आखल्या, त्यांचे काय?

चादर म्हटले की सोलापूर आठवतेच. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी आणि इतर कष्टकऱ्यांनी हे शहर चादरीचे केले. जॅकार्डवर विणलेली सोलापुरी चादर दोन्ही बाजूंनी नक्षी दाखवते, एकीकडे एक रंग वर तर दुसरीकडे दुसरा. यासाठी नक्षी आधी चौकटीच्या कागदावर भरावी लागते. एक चौकट म्हणजे धाग्यांची एक गाठभेट. मग त्याबरहुकूम पुठ्ठे टोचायचे. हे काम करणारा माणूस कारखान्यात असतो, किंवा अनेक कारखान्यांना नक्ष्या पुरवतो. चादर बाजारात जाते ती कारखान्याच्या छापाने आणि शहराच्या नावाने.

कायदा काय म्हणतो, तेही पाहिले पाहिजे. भौगोलिक निर्देशांकाचा कायदा १९९९ चा. तो २००३ मध्ये अमलात आला. त्याखाली सुरुवातीलाच नोंद झालेल्या वस्तूंत सोलापुरी चादर आहे आणि पुढे २०१० मध्ये पैठणीही आली. हे संरक्षण गावाच्या नावाला आहे, माणसाच्या नाही. नक्षीसाठी २००० चा डिझाइन कायदा आहे. त्यात नोंद मालकाच्या नावाने होते. आधी १० वर्षे, वाढवून आणखी ५ वर्षे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे नोकरीत केलेल्या कामाचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणाराच असतो. शिवाय नोंदवता येण्याजोगी नक्षी न नोंदवता यंत्रावर ५० पेक्षा जास्त वेळा काढली की तिच्यावरचा कॉपीराइटही संपतो. मात्र याच कायद्याच्या ५७ व्या कलमात एक वेगळी गोष्ट आहे. हक्क विकला गेला तरी 'हे काम माझे आहे' असे सांगण्याचा कर्त्याचा अधिकार त्याच्याजवळ राहतो. पैसा मालकाकडे जाऊ शकतो. कर्तेपण विकले जात नाही. कायद्याने एवढी बारीक खिडकी उघडी ठेवली आहे, हे नोकरीला लागणाऱ्या प्रत्येक मुलाला माहीत असावे.

आमचा एक माजी विद्यार्थी चादरी-पडद्यांच्या एका कंपनीत हेच काम करतो. त्याच्याकडून आम्ही हे काम समजून घेतले. नक्षीचा एक तुकडा असा आखायचा की तो उजवीकडे, डावीकडे, वर, खाली जोडला तरी सांधा दिसू नये. याला ते 'रिपीट' म्हणतात. छपाईत प्रत्येक रंगाला वेगळा साचा, म्हणून एक रंग वाढला की खर्च वाढतो. सहा रंगांत बाग उभी करायची आणि सातवा मागायचा नाही. दुहेरी पलंगाची ९० बाय १०८ इंचांची चादर आणि १७ बाय २७ इंचांचा अभ्रा यांची नक्षी एकमेकांना शोभली पाहिजे. मग तीच नक्षी चार रंगसंगतींत, मग खोक्याचे वेष्टन, किमतीची चिठ्ठी, दिवाळी आणि ईदच्या जाहिराती, सूचीपुस्तकाची मांडणी. सूचीपुस्तकात छायाचित्रकाराचे नाव होते. नक्षी काढणाऱ्याचे नव्हते. आम्ही ते दाखवले तेव्हा तो हसून म्हणाला, "सर, पगार वेळेवर होतो ना."

त्याच्या उत्तराला आम्ही कमी लेखत नाही. ज्या घरात आधीच्या पिढीने रोजंदारीवर दिवस काढले, त्या घरात महिन्याच्या महिन्याला येणारा पगार ही मोठी कमाई आहे. नावासाठी पोट मारावे, असे आम्ही कोणाला सांगणार नाही. आणि नम्रतेने नाव मागे ठेवणारेही आपल्याकडे आहेत. नेकी करून विसरून जावे, अशी आपल्याला शिकवण आहे. पण स्वतः नाव न सांगणे वेगळे आणि दुसऱ्याने ते पुसणे वेगळे. पहिल्यात सद्गुण आहे. दुसऱ्यात नुकसान आहे, आणि ते नुकसान एकट्याचे नसते.

ते कसे, हे आम्ही वर्गात रोज पाहतो. आमच्या उर्दू शाळांतली मुलगी मेंदी काढते तेव्हा डाव्या हाताची नक्षी उजव्या हातावर आरशासारखी उलटी करते. कुरोशाचा रुमाल विणताना घरे मोजते. फळ्यावरची भूमिती अवघड वाटणारा मुलगा खताची अलिफ-बे मापात लिहितो. राज्याच्या कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांत संकल्पचित्र, भूमिती, अक्षरलेखन हेच विषय असतात. तरीही या परीक्षांना मुले बसवायची म्हटले की पालक विचारतात, 'इससे होगा क्या?' काहींना चित्रकलेविषयी धार्मिक शंका असते. सजीवांच्या चित्रांविषयी आपल्यात मतभेद आहेत, हे आम्ही जाणतो. पण बेलबुट्टे, हंदसी नक्षी आणि खत यांनी तर आपल्या मशिदी सजल्या आहेत. खरी अडचण श्रद्धेची नाही, माहितीची आहे. नक्षी काढणे हा धंदा आहे, त्याला पगार आहे, त्याला आपल्याच घरात परंपरा आहे, हे पालकांना दिसत नाही. दिसणार कसे? ज्यांनी ते केले त्यांची नावेच कुठे लिहिलेली नाहीत. आपला समाज विणकरांचा आणि मजुरांचा, आखणारे दुसरे कोणी, अशी समजूत बाहेरच्यांची झाली आणि हळूहळू आपलीही.

म्हणून आमचे म्हणणे साधे आहे. औरंगाबादच्या हिमरूवर, मालेगाव-भिवंडीच्या मागांवर, सोलापूरच्या चादरीवर काम केलेली वयस्क माणसे अजून हयात आहेत. त्यांच्यापैकी नक्शा कोण काढत असे, पुठ्ठे कोण टोचत असे, रंग कोण ठरवत असे, हे त्यांना विचारून लिहून ठेवावे. आपल्या साहित्य संमेलनांतून आणि वार्षिकांतून शायर-लेखकांप्रमाणे या लोकांवरही पाने खर्ची पडावीत. जुन्या पेटीत हिमरूचा तुकडा किंवा हाताने भरलेली रजई असेल, तर तिच्या अस्तरावर ती करणाऱ्याचे नाव, गाव आणि साल लिहिलेली कापडी पट्टी शिवावी. नाव आठवत नसेल तर घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला आजच विचारावे. आणि जी मुले अशा कंपन्यांत लागतील त्यांनी आपल्या प्रत्येक नक्षीची तारखेसह एक प्रत करार पाहून स्वतःजवळ ठेवावी. विकण्यासाठी नव्हे, तर उद्या कोणी विचारले तर सांगता यावे म्हणून.

चारठाण्याच्या स्तंभावर रेघ आखणाऱ्याचे नाव आता मिळणार नाही. परंतु आज रात्री ज्या चादरीवर आपण झोपणार आहोत, ती आखणारा बहुधा जिवंत आहे, त्याला नाव आहे, आणि तो कदाचित आपल्याच शाळेतून गेलेला आहे. त्याचे नाव लिहायला अजून वेळ गेलेली नाही.